पेशी बसवल्या, पण त्यांना रक्त कुठून मिळणार?

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर तुम्ही अशा बातम्या नक्की पाहिल्या असतील. "प्रयोगशाळेत तयार झाल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी", "थ्रीडी प्रिंटरवर छापलं यकृत", "आता डायबेटिस कायमचा बरा". तीस सेकंदांचं रील, मागे जोरदार म्युझिक आणि खाली हजारो लाइक्स. यातल्या काही बातम्या चक्क खोट्या असतात. काही खऱ्या असतात, पण अर्ध्याच सांगितलेल्या.

राहिलेली अर्धी गोष्ट बहुतेक वेळा एकच असते: त्या नवीन पेशींना रक्त कोण पोचवणार? पेशी तयार करणं आता बऱ्यापैकी जमायला लागलंय. त्या शरीरात सोडणंही जमतं. पण सोडल्यानंतरचे पहिले दोन आठवडे त्या जिवंत ठेवणं, हा या सगळ्या तंत्रज्ञानातला सगळ्यात अडकलेला भाग आहे. आज आपण तोच भाग नीट समजून घेऊ. उदाहरण म्हणून मी टाइप १ डायबेटिससाठी होणारं पेशींचं प्रत्यारोपण घेतलंय, कारण तिथे हा प्रश्न फार स्पष्ट दिसतो.

## ऑक्सिजनची रेंज किती?

मोबाइलला जशी टॉवरची रेंज लागते, तशी पेशीला रक्ताची रेंज लागते. आपल्या शरीरातल्या सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांना केशवाहिन्या म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन केशवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडतो आणि शेजारच्या पेशींपर्यंत नुसता झिरपत जातो. पुढे ढकलायला तिथे कुठलाही पंप नसतो. त्यामुळे तो फार लांब जात नाही. साधारण १०० ते २०० मायक्रोमीटर, बस्स.

एका मिलिमीटरचे १००० भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे १ मायक्रोमीटर. म्हणजे ही रेंज झाली फक्त ०.१ ते ०.२ मिलिमीटर. डोक्याचे दोन-तीन केस एकमेकांना चिकटवून ठेवले तर जेवढी जाडी होईल, साधारण तेवढ्या अंतरात पेशीला रक्तवाहिनी मिळाली पाहिजे. वर आणखी एक अडचण आहे. झिरपण्याचं अंतर दुप्पट झालं की लागणारा वेळ चौपट होतो.

म्हणूनच शरीरात केशवाहिन्यांचं जाळं इतकं दाट असतं. काही मोजके भाग याला अपवाद आहेत. डोळ्यातला कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, हा त्यातलाच एक. त्यात रक्तवाहिन्या नसतातच. तो अश्रूंमधून आणि आतल्या पाण्यातून ऑक्सिजन घेतो. नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया बसवताना हा रक्ताचा प्रश्न येत नाही, त्याचं कारण हेच. बाकी जवळपास सगळीकडे मात्र प्रश्न येतोच.

## किडनी बसवतात, मग पेशी बसवायला काय अडचण?

हा प्रश्न अगदी बरोबर आहे. किडनीचं प्रत्यारोपण १९५४ पासून होतंय. पहिलं यशस्वी प्रत्यारोपण अमेरिकेत बोस्टनमध्ये झालं, जुळ्या भावांमध्ये. मग आता नवीन अडचण कसली?

फरक पाइपात आहे. किडनीला स्वतःची जाड धमनी आणि शीर असते. सर्जन ती रुग्णाच्या धमनीला आणि शिरेला शिवतो, चिमटा काढतो आणि काही क्षणांत किडनीत रक्त वाहायला लागतं. किडनीच्या आतलं केशवाहिन्यांचं जाळं दात्याच्या शरीरातच तयार झालेलं असतं. ते जसंच्या तसं वापरायला मिळतं. रक्तवाहिन्या शिवायची ही कला अलेक्सी कॅरेल या फ्रेंच सर्जनने बसवली आणि त्यासाठी त्याला १९१२ साली नोबेल मिळालं.

पेशींच्या गुच्छाला असा पाइप नसतो. शिवणार काय? हे म्हणजे एखादी तयार सोसायटी उचलून नव्या जागी नेऊन ठेवण्यासारखं आहे. किडनीच्या बाबतीत इमारतीतली सगळी नळयोजना शाबूत असते, तुम्ही फक्त मुख्य जोड देता. पेशींच्या बाबतीत नुसती माणसं उघड्या माळावर उतरवलेली असतात. नळ नाही, विहीर नाही. टँकर येईपर्यंत तग धरायचा.

## दोनशे वर्षांपूर्वी पुण्याजवळ हेच कोडं कसं सोडवलं होतं?

ही गोष्ट आपल्या मातीतली आहे आणि या विषयाशी थेट जोडलेली आहे. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रजांच्या सैन्यात बैलगाडी हाकणारा एक मराठी माणूस टिपू सुलतानाच्या हाती सापडला होता आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला होता. इंग्रजी कागदांत त्याचं नाव कावसजी असं आहे. पुण्याजवळ राहणाऱ्या, वीट बनवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवीन नाक बसवून दिलं.

कसं? आधी मेणाचं नाक करून माप घेतलं. ते मेण सपाट करून कपाळावर ठेवलं आणि तेवढ्या आकाराची त्वचा कपाळावरून सोडवली. पण इथे खरी युक्ती आहे: ती त्वचा पूर्ण कापली नाही. दोन डोळ्यांच्या मध्ये एक छोटी पट्टी तशीच जोडलेली ठेवली आणि त्वचा पिळून खाली नाकाच्या जागी बसवली. म्हणजे कपाळाकडून येणारं रक्त चालूच राहिलं. दरम्यान नाकाच्या जागेतून नव्या रक्तवाहिन्या त्या त्वचेत शिरत राहिल्या. साधारण पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापली. तोपर्यंत नवीन नाकाला नवीन जागेचं रक्त मिळायला लागलं होतं.

त्या कारागिराला केशवाहिनी हा शब्द माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण नियम त्याला पक्का ठाऊक होता: नवीन जोडणी सुरू होईपर्यंत जुनी जोडणी तोडायची नाही. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये हीच पद्धत वापरली आणि तिथून ती युरोपभर गेली.

आजच्या पेशी प्रत्यारोपणात गंमत अशी की ही जुनी जोडणी ठेवायची सोय नसते. पेशी दुसऱ्याच माणसाकडून किंवा प्रयोगशाळेतून येतात. मग त्यांना ते पंचवीस दिवस कोण सांभाळणार?

## स्वादुपिंडातली बेटं

आता आपल्या मुख्य उदाहरणाकडे येऊ. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. त्यात पेशींचे बारीक पुंजके विखुरलेले असतात. जर्मन विद्यार्थी पॉल लँगरहान्स याने १८६९ मध्ये ते पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, म्हणून त्यांना लँगरहान्सची बेटं म्हणतात. एक बेट सरासरी ०.१५ मिलिमीटरचं. यातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. टाइप १ डायबेटिसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती या बीटा पेशी मारून टाकते. मग रोज बाहेरून इन्सुलिन घेण्याला पर्याय राहत नाही.

ही बेटं रक्ताच्या बाबतीत फार लाडावलेली असतात. स्वादुपिंडाच्या वजनात त्यांचा वाटा १ ते २ टक्केच, पण मिळणाऱ्या रक्तात त्यांचा वाटा त्याच्या कितीतरी पट जास्त. प्रत्येक बेटाच्या आत केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं. याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे बीटा पेशी खूप काम करतात, त्यामुळे ऑक्सिजन जास्त लागतो. दुसरं म्हणजे रक्तातली साखर किती आहे हे त्यांना सतत चाखून बघावं लागतं आणि इन्सुलिन लगेच रक्तात सोडावं लागतं. रक्त जवळ नसेल तर पेशी जिवंत असूनही वेळेवर काम करू शकत नाही.

प्रत्यारोपणासाठी मृत दात्याचं स्वादुपिंड घेतात. त्यात कोलॅजिनेज नावाचं एन्झाइम सोडून आजूबाजूचं ऊतक विरघळवतात आणि बेटं सुटी करतात. बेटं तर मिळतात, पण या प्रक्रियेत त्यांच्याकडे येणारी प्रत्येक रक्तवाहिनी तुटते. रोज भरपेट जेवणारा माणूस एका दिवसात उपाशी पडावा, तशी अवस्था.

पुढे ही बेटं एका बारीक नळीतून यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेत सोडतात. रक्ताबरोबर वाहत जाऊन ती यकृताच्या बारीक वाहिन्यांमध्ये अडकतात आणि तिथेच घर करतात. मोठी शस्त्रक्रिया लागत नाही, हा फायदा. पण पोर्टल शिरेतल्या रक्तात ऑक्सिजन धमनीच्या रक्तापेक्षा कमी असतो. शिवाय बेटं रक्तात उघडी पडताच त्यांच्याभोवती गुठळ्या आणि सूज तयार व्हायला लागते. पहिल्या काही दिवसांतच मोठ्या संख्येने बेटं मरतात.

२००० साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात डॉ. जेम्स शॅपिरो यांच्या गटाने सात रुग्णांवर हे करून दाखवलं. सातही जणांची इन्सुलिनची इंजेक्शनं थांबली. जगभर खळबळ उडाली आणि या पद्धतीचं नावच 'एडमंटन प्रोटोकॉल' पडलं. पण प्रत्येकाला पुरेशी बेटं मिळावीत म्हणून बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त दात्यांची स्वादुपिंडं लागली. पुढे त्याच केंद्रातल्या आणखी रुग्णांना धरून पाच वर्षांनी हिशोब मांडला, तेव्हा साधारण १० टक्के लोकच इन्सुलिनशिवाय राहिले होते. जवळपास ८० टक्क्यांच्या शरीरात थोडंफार इन्सुलिन तयार होत होतं, पण ते पुरेसं नव्हतं. या घसरणीला प्रतिकारशक्तीचा हल्ला आणि औषधांचे दुष्परिणामही कारणीभूत होते. मात्र सुरुवातीलाच निम्मा माल वाटेत खराब होत असेल, तर पुढे टिकायला उरतं तरी किती?

## शरीर स्वतः पाइपलाइन कशी टाकतं?

शरीराकडे यावर स्वतःचा उपाय आहे. ऑक्सिजन कमी पडला की पेशी आरडाओरडा करते. हे असं होतं:

१. प्रत्येक पेशीत एचआयएफ नावाचं प्रथिन सतत तयार होतं. ऑक्सिजन भरपूर असेल तर पेशी ते लगेच मोडून टाकते. ऑक्सिजन कमी झाला की मोडणं थांबतं आणि एचआयएफ साचतं. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं.

२. साचलेलं एचआयएफ काही जनुकं चालू करतं. त्यातून व्हीईजीएफ नावाचा निरोप बाहेर पडतो. अर्थ साधा: "इकडे लाइन टाका!"

३. जवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तरातली एखादी पेशी हा निरोप पकडते, पुढे सरसावते आणि निरोप जिथे जास्त तीव्र असेल त्या दिशेने वाट काढत जाते. मागच्या पेशी तिच्या पाठोपाठ रांगेत येतात.

४. रांग आतून पोकळ होते, दुसऱ्या वाहिनीला जाऊन मिळते आणि रक्त वाहायला लागतं.

५. शेवटी पेरिसाइट नावाच्या पेशी या कोवळ्या नळीला बाहेरून मिठी मारून बसतात. पाइपला जोडावर टेप गुंडाळतात ना, तसं. त्यानंतरच ती नळी पक्की होते.

बेटांच्या बाबतीत हे काम दोन-चार दिवसांत सुरू होतं आणि साधारण दोन आठवड्यांत जाळं तयार होतं. अडचण इथेच आहे. पेशींची सहनशक्ती तासांमध्ये आणि दिवसांमध्ये मोजायची, पाइपलाइनचं काम आठवड्यांमध्ये. बेटाच्या मधोमध असलेल्या पेशी सगळ्यात आधी मरतात, कारण तिथे झिरपणारा ऑक्सिजन सगळ्यात उशिरा पोचतो. शिवाय प्रत्यारोपित बेटांमध्ये शेवटी तयार होणारं जाळं मूळच्या इतकं दाट नसतं, असं प्राण्यांवरच्या अभ्यासात दिसलंय.

## मग व्हीईजीएफचं इंजेक्शनच देऊन टाकलं तर?

मलाही हा विषय वाचायला घेतला तेव्हा पहिल्यांदा हेच सुचलं. शास्त्रज्ञांनाही सुचलं होतं. हृदयाच्या रुग्णांवर 'व्हिवा' नावाची एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००३ मध्ये आले. १७८ रुग्णांपैकी काहींना व्हीईजीएफ दिलं, काहींना नुसतं खोटं औषध. साठ दिवसांनी दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. रक्तात सोडलेला निरोप सगळीकडे पसरतो आणि थोड्या वेळात संपतो. पाइपलाइनला मात्र नेमकी दिशा लागते आणि बरेच दिवस टिकणारा निरोप लागतो.

जास्त दिला तर? मग नळ्या फुटतात, गळतात. व्हीईजीएफचा शोध ज्या मार्गाने लागला त्यातला एक मार्ग हाच होता. १९८३ मध्ये हॅरॉल्ड ड्व्होरॅक यांच्या गटाने रक्तवाहिन्या गळक्या करणारा एक घटक शोधला होता. पुढे कळलं की तो आणि व्हीईजीएफ एकच. प्राण्यांच्या स्नायूंमध्ये एका जागी खूप व्हीईजीएफ तयार होऊ दिलं, तेव्हा कामाच्या केशवाहिन्यांऐवजी रक्ताच्या फुगलेल्या गाठी तयार झाल्या.

याचं सगळ्यात जवळचं उदाहरण तुमच्या घरातही असू शकतं. जुन्या डायबेटिसमुळे आजोबांच्या किंवा आजीच्या डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झाला की डॉक्टर "डोळ्यात इंजेक्शन" द्यायला सांगतात. बऱ्याचदा ते औषध व्हीईजीएफला अडवणारं असतं. तिथे पडद्याला ऑक्सिजन कमी पडतो, व्हीईजीएफ वाढतं आणि नको तिथे गळक्या, नाजूक वाहिन्या उगवतात. कर्करोगाची गाठही वाढण्यासाठी हाच निरोप वापरते. म्हणजे एकाच आजारात डोळ्यात व्हीईजीएफ थांबवायचं आणि बेटांभोवती वाढवायचं! सगळा खेळ जागा, वेळ आणि प्रमाण यांचा आहे.

## सध्या कोणते मार्ग शोधले जातायत?

आधी जागा तयार करायची. लोक राहायला येण्याआधी नळ टाकून ठेवायचा, इतकी साधी कल्पना. २०१५ मध्ये अल्बर्टाच्याच गटाने उंदरांच्या त्वचेखाली एक बारीक नळी ठेवली आणि साधारण महिनाभर तशीच राहू दिली. बाहेरची वस्तू आली की शरीर तिच्याभोवती आवरण बनवतं आणि त्या आवरणात रक्तवाहिन्या उगवतात. मग नळी काढून घेतली आणि तयार झालेल्या पोकळीत बेटं ठेवली. एरवी त्वचेखाली बेटं तग धरत नाहीत, कारण तिथे रक्त कमी. या तयार जागेत ती टिकली आणि साखर आटोक्यात आली. शरीराची जी प्रतिक्रिया एरवी त्रासदायक ठरते, तीच इथे कामाला लावली.

पेशींसोबत प्लंबरही पाठवायचा. बेटांबरोबर रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी मिसळून द्यायच्या. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिसिनच्या गटाने अशा माणसाच्या पेशींमध्ये ईटीव्ही२ हे जनुक काही काळ चालू करून त्यांना पुन्हा लवचिक बनवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी सांगितलं की या पेशी बेटांसोबत डायबेटिस असलेल्या उंदरांच्या त्वचेखाली बसवल्यावर त्यांनी बेटांना रक्तवाहिन्या पुरवल्या, आणि साखर २० आठवड्यांपेक्षा जास्त काळ नियंत्रणात राहिली. पुन्हा सांगतो, उंदरांच्या.

जिथे रक्त आहे तिथेच जायचं. स्नायूंमध्ये रक्तपुरवठा चांगला असतो. स्वीडनमधल्या उप्सालामध्ये एका माणसाच्या हाताच्या स्नायूत बेटांच्या पेशी सोडल्या. त्यात जनुकीय बदल केले होते, जेणेकरून प्रतिकारशक्तीने त्यांना ओळखू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये निष्कर्ष छापून आले. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं न देता १२ आठवड्यांनी त्या पेशी जिवंत होत्या आणि इन्सुलिन बनवत होत्या. पण मात्रा मुद्दाम कमी ठेवली होती, त्यामुळे त्या माणसाचं रोजचं इन्सुलिन सुरूच राहिलं. हा टिकण्याचा पुरावा आहे, बरं होण्याचा नाही.

छापतानाच बोगदे ठेवायचे. मोठं ऊतक प्रयोगशाळेत बनवायचं असेल तर आतून वाहिन्यांसारखे मार्ग आधीच ठेवावे लागतात. हे किती अवघड आहे? नासाने यासाठी चक्क स्पर्धा लावली होती. आव्हान होतं एक सेंटिमीटर जाडीचं ऊतक ३० दिवस जिवंत ठेवण्याचं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या वेक फॉरेस्टच्या दोन संघांनी ते जिंकलं. थ्रीडी प्रिंटरने जेलसारखा सांगाडा छापून, त्यात मार्ग ठेवून त्यांनी यकृताचं ऊतक वाढवलं. एक सेंटिमीटर! हाताच्या करंगळीच्या नखाएवढं. पूर्ण यकृत छापल्याची बातमी दिसली की हा आकडा आठवा.

## आज प्रत्यक्ष रुग्णांना काय मिळतंय?

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने 'लँटिड्रा' नावाच्या उपचाराला परवानगी दिली. दात्याच्या बेटांपासून बनवलेला हा तिथला पहिला मंजूर उपचार. अभ्यासातल्या ३० जणांपैकी २१ जणांना एक वर्ष किंवा त्याहून जास्त काळ इन्सुलिन लागलं नाही. पाच जणांना एक दिवसही इन्सुलिन सोडता आलं नाही. ज्यांची साखर वारंवार धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते अशाच प्रौढ रुग्णांसाठी तो आहे.

जून २०२५ मध्ये व्हर्टेक्स कंपनीच्या स्टेम सेलपासून बनवलेल्या बेटांचे निष्कर्ष आले. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जण वर्षभराने इन्सुलिनशिवाय होते. हा खरोखर मोठा टप्पा आहे, कारण इथे दात्याची वाट बघायची गरज नाही. पण तरीही बेटं पोर्टल शिरेतूनच सोडली गेली आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावीच लागली. त्या अभ्यासात एका रुग्णाचा मेंदूज्वराच्या संसर्गाने मृत्यू झाला. प्रतिकारशक्ती दाबली की अशा संसर्गांचा धोका वाढतो.

रक्ताचा प्रश्न सुटला तर काय बदलेल ते आता लक्षात येईल. सुरुवातीचं नुकसान कमी झालं तर कमी पेशींत काम होईल आणि एका दात्यात भागेल. त्वचेखाली किंवा हातात पेशी ठेवता आल्या तर त्यांच्यावर लक्ष ठेवता येईल आणि काही बिघडलं तर काढूनही टाकता येतील. यकृतात विखुरलेली बेटं परत काढता येत नाहीत.

## रील पाहिल्यावर विचारायचे चार प्रश्न

हे सगळं तुम्हाला सांगण्यामागे एक कारण आहे. माझ्या नात्यातल्या एका मुलाला टाइप १ आहे, बारावीला आहे तो. त्याने मला एका स्टेम सेल क्लिनिकची जाहिरात पाठवली आणि विचारलं, "दादा, हे केलं तर माझी सुई सुटेल का रे?" दिवसातून चार वेळा सुई टोचणाऱ्या पोराला "विज्ञान वगैरे समजून घे" असं सांगून भागत नाही. म्हणून आम्ही दोघांनी बसून त्या जाहिरातीला चार प्रश्न विचारले. तेच तुम्हालाही देतो.

१. पेशी कुठे ठेवणार आणि तिथे रक्त कसं पोचणार? जाहिरातीत "पेशी आपोआप योग्य जागी जातात" एवढंच लिहिलं असेल तर समजा की सगळ्यात अवघड प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नाही.

२. माणसांवर झालं की उंदरांवर? माणसांवर झालं असेल तर किती जणांवर, आणि किती महिने लक्ष ठेवलं?

३. प्रतिकारशक्तीचं काय करणार? टाइप १ मध्ये ती आधीच बीटा पेशींची वैरी असते. नवीन पेशी आल्या तरी ती गप्प बसणार नाही.

४. पैसे कोण देतंय? नोंदणीकृत चाचणीत प्रयोगाच्या उपचारासाठी रुग्णाकडून सहसा पैसे घेत नाहीत. लाखो रुपये आगाऊ मागत असतील तर तो प्रयोग नसून धंदा असण्याची शक्यता जास्त. आपल्या देशात अशी चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते. ती वेबसाइट मोबाइलवर उघडते, कोणीही शोधू शकतं.

त्या जाहिरातीकडे चारपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: टाइप १ असलेल्या कुणीही, कुठलाही व्हिडिओ बघून, कुणाच्याही सांगण्यावरून, इन्सुलिन बंद करायचं नाही. इन्सुलिन पूर्ण थांबलं तर रक्तात आम्ल साचून काही दिवसांत, कधी कधी चोवीस तासांच्या आतही जिवावर बेतू शकतं. नवीन जोडणी सुरू होईपर्यंत जुनी तोडायची नाही, हा पुण्याच्या त्या कारागिराचा नियम इथेही तितकाच लागू आहे. आज तरी इन्सुलिनची सुई हीच ती जुनी जोडणी आहे.

पुढच्या काही वर्षांत या विषयावर भरपूर बातम्या येतील आणि त्यातल्या काही खूप चांगल्या असतील. तुमच्या ओळखीत कुणाला टाइप १ असेल तर हा लेख त्यांच्यापर्यंत नक्की पोचवा. यातलं काही कळलं नसेल तर खाली कमेंटमध्ये विचारा, मला जमेल तसं उत्तर देईन. पुढच्या लेखात प्रतिकारशक्तीपासून पेशी लपवण्याचं तंत्र नेमकं कसं चालतं ते बघू. भेटूया!